तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारच्या फार्मवरचं मटण महाग का?

"ऑस्ट्रेलियाहून गोठवून आणलेलं मटण स्वस्त आणि अर्ध्या तासावरच्या फार्मवरचं महाग, असं कसं?" अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाचं लिहूनच टाकते. विचारण्याचा सूर ठरलेला: शेतकरी लुटतोय.

लुटत नाही हो. 30 किलोचा बोकड सोलून, साफ करून हुकाला लागला की 14-15 किलो भरतो. कत्तलखान्याची फी मात्र नगावर. समजा शंभर डॉलर झाली, तर किलोमागे सातएक डॉलर तिथंच गेले. मोठ्या जनावरावर ही फी पसरते; बोकडावर पसरायला जागाच नाही.

मग शेतावरच कापून का विकत नाही? कारण विकायचं मांस असेल तर निरीक्षकाच्या देखरेखीखालीच कापावं लागतं. काही राज्यांची स्वतःची तपासणी आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात ती नाही, तिथं केंद्राचाच माणूस लागतो. त्याचा पगार सरकार देतं, पण ठरल्या तासांपलीकडे काम गेलं की ओव्हरटाइम कत्तलखान्याच्या माथी. दुसरी वाट 'कस्टम'ची, म्हणजे मालकाचं जनावर त्याच्याच घरासाठी, निरीक्षक उभा न राहता कापून देण्याची. कापण्याआधी जिवंत बोकड तुमच्या मालकीचा झाला पाहिजे, आणि पाकिटांवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का पडतो. तुम्ही, घरचे, फुकट जेवणारे पाहुणे यांनी खावं. मंडळाच्या तिकीट लावलेल्या जेवणात ते चालत नाही.

'स्थानिक खा' म्हणणाऱ्यांना एप्रिल 2020 ची आठवण करून द्यावीशी वाटते. कोविडमुळे साउथ डकोटात सू फॉल्स इथला स्मिथफील्ड या मांस-कंपनीचा कारखाना बंद पडला. देशातल्या डुकराच्या मांसापैकी 4 ते 5 टक्के त्या एका इमारतीतून जायचं. पाठोपाठ आणखी कारखाने थांबले. डुक्कर सहाएक महिन्यांत सव्वाशे किलोंच्या आसपास येतं आणि त्याच सुमारास निघायलाच हवं: मागून पिल्लांची पुढची तुकडी येत असते, आणि फार जड जनावर कारखान्याच्या यंत्रसाखळीत बसत नाही. शेतकऱ्यांनी खाद्यातला कस कमी केला, म्हणजे वजन हळू वाढेल. गोठ्यातली उष्णता वाढवली, म्हणजे जनावरं कमी खातील. तेही पुरेना, तेव्हा निरोगी डुकरं मारून पुरली. काही ठिकाणी गोठ्याची हवा बंद करून मारली. त्याच आठवड्यांत दुकानांत 'माणशी दोनच पाकिटं' अशा पाट्या होत्या. जनावरं होती, गिऱ्हाईकही होतं. मधला कापणारा नव्हता. छोट्या कत्तलखान्यांकडे सगळे धावले, तर त्यांच्या तारखा 2021 पर्यंत भरलेल्या. त्यांची अडचण सुरीपेक्षा शीतखोलीची. बीफ मुरायला दहा-चौदा दिवस टांगतात, तोवर तो हूक अडकलेला.

तेव्हापासून माझं मत की स्थानिक अन्नाची संस्कृती शनिवारच्या शेतकरी बाजारात नाही, या हुकांवर अडते. 2022 मध्ये सरकारनं छोट्या-मध्यम मांस-प्रक्रिया कारखान्यांसाठी एक अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. पैशातून यंत्रं येतात. हाडामांसाचं काम येणारा कारागीर वर्षानुवर्षं घडवावा लागतो.

आणि पर्यावरण? अन्न किती मैलांवरून आलं, ते पूर्वी मीही मोजायचे. कार्नेगी मेलनच्या 2008 च्या अभ्यासात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतूक 11 टक्के निघाली, दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त 4. तेव्हा बोकड शेजारचा म्हणून पुण्य लागतं, हे मी म्हणणार नाही. मग कस्टमचं मांस राज्यातल्या राज्यात विकू द्यावं का? तसं विधेयक 2015 पासून पुन्हा पुन्हा येतंय. छोट्या शेतकऱ्याकडे पाहिलं की हो वाटतं. निरीक्षक जिवंत जनावर पाहून आजारी जनावर बाजूला काढतो, हे आठवलं की नाही वाटतं.

तरी घ्यायचाच असेल, तर बोकडाआधी कत्तलखान्याची तारीख घ्या. शरद ऋतूत ती मिळणं सर्वांत कठीण. भाव जिवंत वजनावर की हुकावरच्या, ते आधी विचारा. तुकडे कसे हवेत ते कत्तलखान्याला लिहून द्यायच्या कटिंगच्या कागदावर 'हाडासकट, दीड इंची तुकडे' स्पष्ट लिहा, नाहीतर चॉप्स आणि खिमा हातात येईल. मुंडी, पाय, कलेजी, वजडी हवी असेल तर तेही आधीच सांगा. न मागितलेलं फेकून देतात. करवतीवर कापलेल्या तुकड्यांना हाडाचा भुसा चिकटतो, धुऊन घ्या. एका बोकडाला फ्रीझरमध्ये साधारण एक घनफूट जागा लागते. आणि फुप्फुस मागून वाद घालू नका. 1971 पासून इथं ते माणसाच्या खाण्यासाठी देताच येत नाही.