शिष्यवृत्तीच्या मुलाखती

आमच्या दिवंगत प्राध्यापकांच्या स्मरणार्थ माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या शिष्यवृत्तीसाठी, अभियांत्रिकीला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती आज नागपुरातील धरमपेठेत पार पडल्या. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले असल्यामुळे आता आपल्या मदतीची गरज उरली आहे काय, असा प्रश्न समितीत निघाला होता. त्याचे उत्तर काटोलकडच्या एका मुलीने आणलेल्या वहीच्या पानावर मिळाले. शुल्काचा रकाना रिकामा सोडून तिने मेस, खोलीभाडे, ड्राफ्टर (आरेखनाचे साधन) आणि लॅपटॉप असा हिशेब मांडला होता, व लॅपटॉपसमोर ‘जुना चालेल’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. घरच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळे गळाल्याचे तिने विचारल्यावरच सांगितले, तेही एका वाक्यात.

नागपूरला अशा दातृत्वाची परंपरा जुनी आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला मृत्युपत्राद्वारे दिलेल्या संपत्तीतूनच १९४२ साली एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी राहिली. त्यापुढे आमची रक्कम किरकोळच. (सर हयात असते तर त्यांनी आधी मुलाखतीचे चहापाणी बंद केले असते.) मात्र पावत्या सादर केल्यावर पैसे देण्याची जुनी अट, जिच्यामुळे आधी उसनवारी करणे भाग पडे, आम्ही आज एकमताने रद्द केली, यापुढे रक्कम पहिल्या सत्राच्या आरंभीच खात्यात जमा होईल.