माझी बतावणी ऐकायला समोर कुणी नव्हतंच

पहिले सहा महिने मी ऑनलाइन पोकर अगदी अभ्यासू मुलीसारखी खेळले. सॉल्व्हरची, म्हणजे कुठे कुठली चाल गणिताने बरोबर ते काढणाऱ्या प्रोग्रॅमची, कोष्टकं पाठ. कुठल्या फ्लॉपवर (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामायिक पत्ते) किती मोठी बेट म्हणजे पैज, रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) किती ब्लफ म्हणजे हातात काही नसताना लावलेली पैज, सगळं तोंडावर. आणि तरी सर्वांत छोट्या लिमिटच्या, म्हणजे सर्वांत कमी पैशांच्या, टेबलांवर माझे चिप्स हळूहळू पण न चुकता झिरपत होते.

एक डाव विसरता येत नाही. माझ्याकडे बदामाचे गुलाम-दश्शी, फ्लॉपवर राजा, छक्की, चव्वी, त्यात दोन बदाम; आणखी एक आला की बदामाचे पाच पूर्ण. पुढे ना बदाम आला, ना दुसरं काही जुळलं. तरी मी तिन्ही वेळा बेट केली, शेवटची जवळजवळ पॉटएवढी, म्हणजे मधे जमलेल्या पैशांएवढी. जोरदार राजा हातात असल्याची बतावणी चोख वठली होती. समोरच्याने चव्वीच्या जोडीवर कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे घातले, आणि पॉट घेऊन गेला. मी खूप चडफडले. असा कॉल कुणी करतं का?

दोन दिवसांनी तोच डाव पुन्हा पाहिला आणि मग मागचेही चाळले. हा माणूस दर वेळी असाच कॉल करत होता. माझं लक्ष माझ्या कोष्टकात होतं.

मग दोन आकडे बघायची सवय लावून घेतली. व्हीपीआयपी म्हणजे किती टक्के डावांत माणूस स्वतःहून पैसे घालतो, आणि पीएफआर म्हणजे फ्लॉपआधी किती टक्के डावांत रेज करतो, म्हणजे पैज वाढवतो. आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर सगळ्या साइट्सवर चालत नाही. तिथे मी साध्या नोंदी ठेवते. या चव्वीवाल्याचे आकडे होते 58 आणि 6. निम्म्याहून जास्त डावांत उतरायचं, पण रेज क्वचितच. अशांना ‘कॉलिंग स्टेशन’ म्हणतात.

हिशेब सरळ आहे. अर्ध्या पॉटची ब्लफ फायद्यात यायला समोरचा तीनातून एकदा तरी फोल्ड व्हायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायला हवा, पॉटएवढी असेल तर दोनातून एकदा. जो फोल्डच होत नाही, त्याच्यापुढे ब्लफ कितीही सुबक असली तरी पैसे पाण्यात. म्हणून त्याच्याविरुद्ध ब्लफ जवळजवळ बंद केली. हे सोपं गेलं. अवघड होती दुसरी बाजू: मध्यम पत्त्यांवर मोठी बेट करणं.

बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी चाल करणाऱ्या जागेवर, माझ्याकडे राजा-गुलाम. मी 3 बिग ब्लाइंडचा रेज केला (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच भरायची सक्तीची पैज; सगळे आकडे त्याच मापात), ती भरलेल्या जागेवरून त्याने कॉल केला. फ्लॉप राजा, अठ्ठी, चव्वी. 5 ची बेट, कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री, 13 ची बेट, कॉल. रिव्हरला नव्वी. पॉटमध्ये 42.5 बिग ब्लाइंड. पूर्वीची मी इथे चेक केलं असतं (पैज न लावता थांबले असते), ‘एका जोडीवर तिसरी बेट कशाला’ म्हणत. या वेळी 34 टाकले. हात बटणावरून उचलताना धडधडत होतं, खोटं कशाला बोलू. त्याने कॉल करून दाखवले अठ्ठी-सत्ती: माझ्या राजांच्या जोडीपुढे अठ्ठीची जोडी.

घट्ट मुठीच्या, म्हणजे मोजक्याच डावांत उतरणाऱ्या, लोकांचं उलटं. डावीकडचे दोघेही आपले ब्लाइंड (स्मॉल 0.5, बिग 1) 85 टक्के वेळा सोडत असतील, तर दोघेही एकाच वेळी सोडण्याची शक्यता साधारण 72 टक्के. माझा 2.5 चा रेज 1.5 उचलायला जातो, त्याला 62.5 टक्के पुरतात. म्हणजे तिथे माझे पत्ते जवळजवळ नावालाच. तेव्हापासून अशा दोघांच्या उजवीकडे जागा मिळाली की मी टेबल सोडत नाही.

यात मी सपाटून मारही खाल्ला. एकाला वीस डावांवरून ‘भित्रा’ ठरवून रंगीत खूण लावली. वीस डावांत कुणालाही सलग रद्दी पत्ते येऊ शकतात, एवढं साधं सुचलं नाही. दुसऱ्या एकाचे ब्लाइंड मी इतके मन लावून चोरले, की त्याने दर रेजवर उलट रेज मारायला सुरुवात केली. बराच वेळ मी त्याला नशीबवान समजत होते. 2017 मध्ये लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं, तेही स्वतःच्या खेळातल्या फटी बुजवत. समोरच्यांचे कच्चे दुवे शोधण्यावर त्याची भिस्त नव्हती. कोष्टकं मी म्हणूनच फेकली नाहीत. दुसऱ्याची खोड धरायला गेलं की आपलीही एक उघडी पडते, आणि जाणता खेळाडू ती हेरतो.

अजून एकच जागा टोचते. छोट्या लिमिटवर शांत माणसाने रिव्हरला रेज केलं की त्याच्याकडे बहुतेक वेळा खरंच मोठं काही असतं. माझे जुने डाव तपासले तर अशा रेजला कॉल करून जिंकलेले बोटांवर मोजण्याइतके निघाले. परवा एक्क्यांची जोडी हातात असताना असाच रेज आला. समोरचा चौदा टक्के व्हीपीआयपीवाला, तासभर गप्प. घड्याळ संपेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले आणि फोल्ड केलं. त्याने पत्ते दाखवले नाहीत.