तुम्ही विचारलंत म्हणून: एका पगारात भागवता कसं ओ?

परवा दवाखान्याच्या बाकड्यावर नंबर यायची वाट बघत बसले होते तर शेजारच्या गल्लीतल्या एक बाई म्हणाल्या, "वहिनी, पगार एक, पोरं दोन, वर सासूबाईंची औषधं, एका पगारात भागवता कसं ओ?" हा प्रश्न मला वर्षातनं दहा वेळा तरी येतो, कधी खरंच विचारतात आणि कधी आमच्या चिकटपणावर टोमणा म्हणून. दोन्हीला उत्तर एकच आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते. टूथपेस्टची ट्यूब कापून आतलं पुसून घ्यायचं वगैरे यात नाही हां, ते सगळ्यांना येतं आणि त्यातनं महिन्याला एक कप चहाही सुटत नाही.

मी शिकले ते आत्यांकडून, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि पाच माणसांचं घर आत्यांनी विड्या वळून ओढलं. हजार विड्या मोजून द्यायच्या तेव्हा पैसे, त्यामुळं मोजायची सवय त्यांच्या हातातच बसलेली. मी नवीन होते तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीवरनं भाजीवालीशी भांडून दोन रुपये वाचवून आले, मोठ्या ऐटीत सांगितलं, तर म्हणाल्या, "आन् पाणी किती रुपयाचं ओतलंस सकाळी?" मला कळलंच नाही काय म्हणतायत ते.

तर पाण्यापासनंच सुरू करते, कारण सोलापुरात राहणाऱ्याचा अर्धा जीव पाण्यातच अडकलेला असतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराघरात काय चालतं बघा, हंडे, घागरी, पिंप सगळं पालथं घालायचं, "शिळं पाणी" म्हणून गटारीत, आणि ताजं भरायचं. अहो, झाकून ठेवलेलं, दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं क्लोरीनचं पाणी चार दिवसांत काय शिळं होतंय? भांडी घासून कोरडी करायचीच, डासांसाठी ते आठवड्याला लागतंच, पण आतलं पाणी आदल्या रात्रीपासनं कपडे, फरशी, बाथरूमला काढायचं म्हणजे नळ यायच्या वेळी भांडी आपोआप रिकामी झालेली असतात. नाहीतर आधी ओतायचं, मग मधल्या दिवसात कमी पडलं की टँकरवाल्याला फोन करायचा.

आता यातली खरी गोम. आमच्या भागात बहुतेक जणांकडं बोअर आहे आणि बोअरचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजवून बघा, शिट्ट्यावर शिट्ट्या होतात पण डाळ आपली टणक, मग पुन्हा गॅस, मग सोडा. कपड्याला साबणाचा फेस होत नाही म्हणून पावडर दोन चमचे जास्त, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो म्हणून पाणी तापायला उशीर आणि युनिट जास्त. म्हणजे फुकटचं म्हणून जे पाणी आपण वापरतो ते गॅस, साबण आणि लाइटबिल अशा तीन खिशातनं पैसे काढून घेतं. आमच्याकडं नियम असा की नळाचं पाणी पिण्याला, डाळ-भाताला आणि कपड्याच्या पहिल्या धुण्याला, बोअरचं संडास, अंगण, गाडी आणि झाडांना. डाळ अर्धा तास भिजवून लावायची, दोन शिट्ट्या कमी लागतात. आणि फिल्टरमधनं जे वाया पाणी जातं ना, एक लिटर प्यायचं करायला दोन-तीन लिटर सहज जातं, त्याची नळी बादलीत सोडलीय, फरशी त्यावरच निघते.

लाइटबिलाचं गणित लोकांना किचकट वाटतं, तसं नाहीये. शंभर युनिटपर्यंत एक दर आणि त्याच्या वरच्या युनिटला जवळपास दुप्पट, म्हणजे शंभरच्या वर वापर असेल तर तुम्ही जे वाचवता ते आधी वरचं, महागातलंच वाचवता. साधा सिलिंग फॅन 75 वॅटच्या आसपास. इथं उन्हाळ्यात तो दिवसाला अठरा तास फिरतो, म्हणजे महिन्याला चाळीस युनिट एका फॅनचे! नवीन बीएलडीसी फॅन, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 वॅटच्या आसपास घेतो, सोळा-सतरा युनिट. अडीच-तीन हजाराला येतो हे खरं, आम्ही एकदम नाही घेतले, ज्या खोलीत रात्रंदिवस चालतो तिथला आधी बदलला, पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच आहे, तिथं वर्षातनं चार दिवस फिरतो त्याला कशाला पैसे घालायचे. मोठा मुलगा एसी एसी करतो. एप्रिलात पारा 42-43 ला जातो तेव्हा माझंही मन होतं, खोटं कशाला बोलू, पण आपली हवा कोरडी आहे, मुंबईसारखी चिकट नाही, त्यामुळं कूलर इथं जसा लागतो तसा तिकडं नाही लागत. दीड टनाचा एसी पंधराशे वॅटच्या घरात, कूलर दीडशे-दोनशे. फक्त लोक कूलर लावून खिडक्या बंद करतात आणि मग म्हणतात चिकचिक होतंय. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे की नको?

सिलिंडर आला की वजन करून घ्या, आत गॅस 14.2 किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. संपत आलाय का बघायला टाकीवरनं ओलं फडकं फिरवायचं, जिथंवर गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो.

बँकेचं मात्र मला फार उशिरा कळलं आणि अजून चुटपुट लागते. गॅसच्या सबसिडीसाठी म्हणून कधीतरी एक खातं काढलेलं, नाव नाही घेत बँकेचं, त्यात कधी बघितलंच नाही. एका दिवाळीच्या आधी पासबुक भरून आणलं तर बॅलन्स कमी म्हणून दंड, एसएमएसचे पैसे, कधी न वापरलेल्या कार्डाचे पैसे, थोडं थोडं करत होतं ते सगळं चाटून-पुसून गेलेलं. मोबाइलवर ऑटोपेची, म्हणजे खात्यातनं आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी उघडली तर धाकट्यानं महिनाभर फुकट म्हणून घेतलेलं काहीतरी सात महिने पैसे कापत बसलेलं. बाजारात दोन रुपयांसाठी भांडणारी मी, आणि इथं कुणी विचारतही नव्हतं, नुसतं घेत होतं. आता दर तीन महिन्यांनी पासबुकाची एकेक ओळ वाचते, आत्या विड्या मोजायच्या तशी.

औषधांचंही तसंच आहे. आत्यांच्या बीपीच्या गोळीचं आतलं नाव, कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं, डॉक्टरांकडनं लिहून घेतलं, तीच जनऔषधी केंद्रात घेतो, डॉक्टरांना दाखवूनच. फरक एवढा पडला की पहिल्यांदा मला वाटलं दुकानदारानं बिल चुकवलं.

माझं एक फसलेलंही सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते तेव्हा वर्षाची भरायची, मंगळवेढ्याकडची मालदांडी, तेव्हा भाव बरा असतो आणि भाकरीही पांढरीशुभ्र होते. एका वर्षी गच्चीवर कडक उन्हात वाळवली आणि गरम गरमच कोठीत भरून झाकण लावलं, घाई, दुसरं काय. आत वाफ धरली, ओलावा सुटला आणि जूनपर्यंत सोंड्यांचं राज्य! चाळणी घेऊन बसले तेव्हा आत्या नुसत्या बघत होत्या. आता रात्रभर चादरीवर पसरून गार करते, मग वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून भरते. तूरडाळीला एरंडेलाचा हात. उरलेल्या भाकऱ्या वाळवून कडक करायच्या, दह्याबरोबर शेंगाचटणी लावून खायच्या, हे सोलापूरकराला सांगायला नको.

आमच्या ह्यांना एकदा वाटलं की रात्री फ्रिज बंद ठेवला तर बिल कमी येईल. दूध नासलं, आणि सकाळी गार व्हायला फ्रिज तासन् तास घरघरत बसला. तेव्हापासनं बचतीचे प्रयोग मला विचारून होतात.

आणि हो, भाजीवालीशी मी आता घासाघीस करत नाही. म्हणेल तो भाव देते, वर दोन मिरच्या तीच टाकते. परवा त्या दवाखान्यातल्या बाई बाजारात शेजारीच उभ्या होत्या, मी मुकाट पैसे दिलेले बघितले आणि म्हणाल्या, "तुमचं काय बाई, तुम्हाला परवडतं."