बांधकामाची नोटीस आली? आधी टेप काढा

व्यापारी संकुलाला अनधिकृत बांधकामाची नोटीस आली की गाळेधारकांची पहिली धाव नगरसेवकाकडे. ती बहुतेक वेळा फुकट जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार कारवाईचे अधिकार आयुक्तांचे, आणि व्यवहारात त्यांनी नेमलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याचे. नगरसेवकांची सर्वसाधारण सभा प्रश्न विचारेल, ठराव करेल. एका इमारतीचं पाडकाम थांबवणं तिच्या हातात नाही. उलट लेखी पत्र देऊन पाडकामात अडथळा आणणाऱ्या नगरसेवकाचं पद याच कायद्याच्या कलम 10 खाली जाऊ शकतं. म्हणूनच जाणते नगरसेवक फोनवर ‘बघतो’ म्हणतात आणि कागदावर काही देत नाहीत.

नोटीस हातात पडली की आधी कलम बघा. कलम 260 असेल तर ती ‘कारणे दाखवा’ आहे, म्हणजे खुलाशाला जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 54 असेल तर चालू काम त्याच क्षणी थांबवायचं. कलम 53 असेल तर पुढचा प्रश्न: बांधकाम मुळात विनापरवाना आहे, की परवानगी होती पण नकाशा सोडून केलंय? पहिल्या प्रकारात कायदा 24 तासांची पूर्वसूचना पुरेशी मानतो, दुसऱ्यात किमान एक महिना मिळतो. दोन्ही प्रकार एकाच नोटिशीत कोंबलेले सापडतात, तेव्हा उत्तरात ते वेगळे करून मांडावेत. पण 24 तास वाचून लगेच हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निर्देशांनुसार नोटीस मिळाल्यापासून किमान 15 दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर आणखी 15 दिवस द्यावेच लागतात. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा किंवा नदीपात्र यांवरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही.

आता मोजमापाची टेप. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बाहेर काढा आणि आर्किटेक्टला घेऊन जागेवर प्रत्येक माप पडताळा. कनिष्ठ अभियंत्याचा पंचनामा घाईत झालेला असू शकतो. गाळा क्रमांक चुकतो, जुना मंजूर पोटमाळा नवा धरला जातो, सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधली मोकळी जागा) भिंतीऐवजी छज्ज्यापासून मोजलं जातं. समजा नकाशात पुढचं अंतर 4.5 मीटर आहे आणि पत्र्याच्या शेडमुळे मोकळं 1.2 मीटरच उरलंय, तर उत्तरात नेमके हेच दोन आकडे यायला हवेत. ‘शेड तात्पुरती आहे’ हा खुलासा टिकत नाही. नोटिशीत तांत्रिक चूक सापडलीच तर ती जरूर नोंदवा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. त्यातून वेळ मिळतो. पालिका चूक सुधारून नवी नोटीस काढते.

मोजणी झाली की एकेका गोष्टीचा निकाल लावा. शिल्लक चटई क्षेत्र (भूखंडावर बांधता येणाऱ्या क्षेत्रातलं न वापरलेलं) असेल आणि नियमात बसत असेल, तर वाढीव बांधकाम शुल्क भरून नियमित होऊ शकतं. पार्किंगच्या जागी काढलेलं दुकान, जिन्याखाली रचलेला माल, रस्तारुंदीत आलेली पायरी, गच्चीवर टाकलेलं हॉटेलचं छत यांत वाद घालण्यासारखं फारसं काही नसतं. ते स्वतः काढा आणि काढल्याचे तारखेसह फोटो उत्तराला जोडा. उरलेल्या भागासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करायचा, तोही नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत. कलम 53(3) चा फायदा इथे आहे: अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत तेवढ्या भागापुरती नोटीस लागू होत नाही. मुदत टळल्यावर केलेल्या अर्जाला हे कवच नाही. बरीच प्रकरणं इथेच फसतात, कारण पंधरवडा ओळखी काढण्यात जातो.

अर्जाच्या नकाशात रंगांना अर्थ असतो. प्रस्तावित काम लाल, पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी. पाडायचा भाग पिवळा न दाखवता सगळंच लाल रंगवलं, तर तुम्ही सगळंच कायम ठेवायला मागता असं वाचलं जातं आणि अर्ज फेटाळला जातो. सोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि सोसायटीची संमती लागते, कारण मोकळं अंतर सगळ्यांच्या मालकीचं असतं. गाळा भाड्याने असेल तर भाडेकरूलाही सुटका नाही. नोटीस मालक, विकासक किंवा भोगवटादार यांपैकी कुणालाही देता येते.

वीजबिल, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि कराची पावती फाइलला लावण्याचा मोह होतो. त्यांनी ताबा सिद्ध होतो, बांधकामाची परवानगी नाही. अनधिकृत बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली मालमत्ता कराशिवाय शास्ती (दंड) लागू शकते आणि ती वर्षानुवर्षं भरली तरी बांधकाम अधिकृत होत नाही. ‘वीस वर्षं कुणी काही बोललं नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठच्या प्रकरणात फेटाळलाय. तिथेही निवासी भूखंडावर दुकानं होती.

अग्निशमनाचं प्रकरण वेगळं आणि जास्त कडक. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ‘बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, आणि धोका दिसला तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत. 29 डिसेंबर 2017 च्या मुंबईतल्या कमला मिल आगीत 14 जण गेले. आग गच्चीवरच्या रेस्टॉरंट-पबमध्ये होती. गच्ची आणि जिना या दोन जागांवर तडजोड मागूच नये.

कोर्टात जायचंच असेल तर पालिकेने कॅव्हेट (‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा कोर्टातला अर्ज) दाखल केलंय का ते आधी बघा. ते 90 दिवस चालतं आणि तोवर एकतर्फी मनाई हुकूम मिळणं अवघड.

आणि शेड काढून झाली तरी फाइल आपोआप बंद होत नाही. फेरपाहणीचा लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत घ्या आणि नोटीस निकाली काढल्याचं पत्र आवक-जावक क्रमांकासह मागा. गाळा विकताना किंवा कर्ज काढताना बँकेचा वकील तेच पत्र मागतो.