तुम्ही विचारलंत म्हणून : सव्वानऊला काय घेऊ?

प्रश्न नेहमी एकाच चालीत येतो. "चाळीस हजार बाजूला ठेवलेत. सव्वानऊला शेअर बाजार उघडला की घ्यायचं, साडेनऊपर्यंत काढून मोकळं व्हायचं. दिवसाचे दोन हजार सुटले तरी खूप. तुम्ही फक्त शेअरचं नाव सांगा." मी नाव सांगत नाही, म्हणून मी तुसडी. सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी नसताना टिपा वाटणं कायद्यात बसत नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. ते खरं आहे आणि सोयीचंही आहे. त्याच्याआड बसून मी बरीच वर्षं खरं उत्तर टाळलं, हे आधी कबूल करते.

नऊ वाजता ॲपवर जे आकडे हलायला लागतात त्यांना तुम्ही भाव म्हणता. त्या नुसत्या बोली आहेत. ९ ते ९:०८ एवढ्या वेळात ऑर्डरी फक्त गोळा होतात, आणि हा दरवाजा सातव्या ते आठव्या मिनिटादरम्यान कधीही बंद होतो, म्हणजे शेवटच्या सेकंदाला कुणी डाव साधू नये. तोवर ऑर्डर बदलता येते, मागेही घेता येते. ९:०३ ला ६ टक्के वर दिसणारा शेअर ९:०८ ला दीड टक्क्यावर येतो तो त्यामुळे. मग ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर हातबदल होऊ शकतात तो उघडण्याचा भाव ठरतो. समजा ५०२ ला ३००, ५०१ ला ४०० आणि ५०० ला ८०० शेअर घेणारे आहेत. विकणारे ४९९ ला ५००, ५०० ला ६००, ५०१ ला ९००. भाव ५०१ धरला तर ७०० शेअरांचाच सौदा जुळतो, ५०० धरला तर १,१०० चा. म्हणून ५००. ज्याने ५०२ ची बोली लावली त्यालाही ५०० नेच मिळतो. ९:१२ पासून तीन मिनिटं शांतता.

या प्री-ओपन सत्रात, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या, स्टॉप लॉस ऑर्डर (भाव ठरल्या पातळीला उलटा गेला की सौद्यातून बाहेर काढणारी) घेतलीच जात नाही. म्हणजे इथे खरेदी जुळली, तर बाजाराच्या सर्वांत बेभरवशाच्या क्षणी तुम्ही उघडे उभे असता आणि ९:१५ नंतर स्टॉप टाकायला धावता. हे ज्यांना ठाऊक नाही तेच "प्री-ओपनमध्ये स्वस्त मिळतं" असं एकमेकांना सांगतात.

सव्वानऊला मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेणारी, टाकू नका. एवढी एक गोष्ट मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. एरवी खरेदी-विक्रीच्या बोलीत ५-१० पैशांचं अंतर असणारा शेअर पहिल्या मिनिटात ५०-६० पैशांनी फाकलेला असतो, आणि समोर दिसणाऱ्या पाच ओळींत क्वांटिटी नसेल तर तुमची ऑर्डर वरच्या ओळी खात जाते. लिमिट लावा, म्हणजे याहून जास्त देणार नाही असा भाव. नाही मिळाला तर नाही मिळाला.

आता दोन हजारांचा हिशोब, कारण तो कुणी करतच नाही. ४०,००० वर पाचपट मार्जिन (दलाल पैशांच्या पाचपट सौदा करू देतो), म्हणजे ५०० चे ४०० शेअर. घेऊन ५०२ ला विकले की ८०० रुपये दिसतात. त्यातून दोन्ही बाजूंची दलाली ४०, विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ५०, एक्स्चेंजचे १२, जीएसटी साडेनऊ, मुद्रांक शुल्क ६. मिळून ११८ च्या आसपास, म्हणजे शेअरमागे ३० पैसे आधी कमवायचे, मग आपले. भाव दोन रुपये उलटा गेला तर तोटा ८०० चा नसतो, ९१८ चा असतो. २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकण्याचे सौदे) करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झाला, असं सेबीच्या २०२४ च्या पाहणीत आहे. तोटा झालेल्यांनी त्या तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या खर्चात घातली. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो.

आणि ४०० शेअर घ्यायचेच का? एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त घालवायचं नाही असं धरलं, तर ४०,००० वर ४०० रुपये. पहिल्या पाच मिनिटांत ५०० च्या शेअरला चार रुपयांहून जवळचा स्टॉप टिकत नाही, वर ठरल्यापेक्षा वाईट भावाला सुटण्याचा एक रुपया धरा. ४०० भागिले ५, म्हणजे ८० शेअर. ८० शेअरांचे पैसे होतात बरोबर ४०,०००. पाचपट मार्जिनची गरजच उरली नाही. चार रुपये मनासारखे मिळाले तरी ३२०, खर्च जाऊन पावणेतीनशे. "मग एवढ्यासाठी कशाला?" असं तुम्ही म्हणता, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नसतं. तोच तर मुद्दा आहे.

"पण स्टॉप लॉस लावला की झालं ना?" इथे मी १३ मार्च २०२० ची सकाळ काढते, आणि लोक कंटाळतात. खुशाल कंटाळा. मी तरीही सांगणार.

आदल्या दिवशी निफ्टी आठ टक्क्यांहून जास्त पडून ९,५९० ला बंद झाला होता. रात्री अमेरिकेत डाऊ हा तिथला निर्देशांक १० टक्के कोसळला. शुक्रवारी निफ्टी उघडला तोच ९,१०७ च्या आसपास, आणखी ५ टक्के खाली. अशा वेळी डोक्यात येणारा विचार काही वेडगळ नव्हता: दोन दिवसांत एवढा पडलाय, उसळी येणारच. हिशोबाला निर्देशांकाचेच आकडे धरू आणि त्या वेळचा ७५ चा एक लॉट (सौद्याचं ठरलेलं किमान माप). उघडताना घेतला. पाच-सहा मिनिटांत निफ्टी ८,६२४ ला, म्हणजे आदल्या बंद भावापासून पुरे १० टक्के खाली. सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागलं आणि बाजार ४५ मिनिटं बंद.

त्या पाच मिनिटांत स्टॉपचं काय होतं ते पाहा. साधा एसएल (स्टॉप लॉस) लावला, ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ९,०५० आणि लिमिट, म्हणजे त्याखाली विकायचं नाही असा भाव, ९,०४५, तर भाव त्या पाच अंशांच्या फटीतून एका उडीत खाली जातो. ऑर्डर जागी होते आणि तशीच पडून राहते. "लावला होता पण लागला नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. लिमिट ट्रिगरपासून लांब ठेवली किंवा मार्केटने सुटणारा स्टॉप लावला, तर सौदा सुटतो, पण मिळेल त्या भावाला. आणि बाजारच थांबला की कुठल्याच प्रकारचा स्टॉप चालत नाही. ८,६२४ च्या भावाने ४८३ अंश गुणिले ७५, म्हणजे ३६,२२५ चा खड्डा घेऊन पाऊण तास पडद्याकडे बघत बसायचं, वर पुन्हा उघडण्याआधीच्या सत्राची १५ मिनिटं.

१०:२० च्या सुमाराला व्यवहार सुरू झाले आणि बाजार फिरला. दुपारी निफ्टी १०,००० च्या वर जाऊन आला आणि बंद झाला ९,९५५ ला, आदल्या दिवसापेक्षा ३६५ अंश वर. म्हणजे सकाळी उसळीच्या आशेने घेणारा बरोबर होता. नुसता धरून बसला असता तर ६३,६०० चा फायदा. शिस्तीने स्टॉप पाळणारा तोट्यात बाहेर. आणि बाजार थांबता थांबता तळाशी शॉर्ट मारणारा (आधी विकून पुढे स्वस्तात परत घेऊ पाहणारा), ज्याला त्या पाऊण तासात आपण सर्वांत हुशार वाटत होतो, तो दिवसअखेर १,३०० अंशांहून जास्त उलटा.

हे सांगितलं की लोक बरोबर उलटा धडा घेतात: स्टॉपच लावू नये. त्यासाठी २३ मार्च आहे. दहाच दिवसांनी तोच देखावा, सकाळीच १० टक्के, पुन्हा ४५ मिनिटं बंद, आणि उघडल्यावर या खेपेला आणखी खाली. बंद ७,६१० ला, एका दिवसात १३ टक्के. १३ तारखेला धरून बसण्याचं कौतुक शिकलेला माणूस २३ ला काय करून बसला असेल, तुम्हीच ठरवा. दोन्ही सकाळी उघडताना कळेल असा फरक मला आजही दाखवता येत नाही. पुढे घडलेलं माहीत असलं की सगळेच दाखवतात.

तुम्ही म्हणाल, असे दिवस दशकातून एकदा. हो. पण रोजच्या सकाळी हेच लहान मापात घडतं: निकाल लागलेला शेअर चार टक्के वर उघडतो, सहाव्या मिनिटाला स्टॉप उडवतो आणि अकराला नवा उच्चांक करतो. शॉर्टवाल्यांना आणखी एक भोग. ठरावीक किंमतपट्टा (दिवसात भाव किती हलू शकतो याची मर्यादा) असलेला शेअर सकाळी विकला आणि वरच्या सर्किटला जाऊन चिकटला, तर परत घ्यायला विक्रेताच नसतो. मग सौदा ऑक्शनला (एक्स्चेंजच्या लिलावाला) जातो आणि कुठल्या भावाने अंगावर येईल ते तुमच्या हातात राहत नाही.

पूर्वी मी सगळ्यांना एकच सांगत असे: साडेनऊपर्यंत हात लावू नका, पहिल्या १५ मिनिटांचा उच्चांक-नीचांक होऊ द्या, तो मोडला की बघा. ठाम सांगत असे. आता तेवढी ठाम नाही. १३ मार्चला ती १५ मिनिटं पूर्णच झाली नाहीत. शिवाय गॅपच्या दिवशी, म्हणजे भाव आदल्या बंदपासून लांब उघडतो तेव्हा, पहिल्या १५ मिनिटांचा पट्टा इतका रुंद होतो की स्टॉप त्याच्या पलीकडे ठेवायचा तर ८० शेअरांचे २५ उरतात. पट्ट्याच्या आत ठेवला तर तो उडणारच. थांबलं तर चाल निघून गेलेली असते, न थांबावं तर मी वर मांडलेला सगळा हिशोब आडवा येतो. मी अजूनही थांबाच म्हणते, कारण न थांबण्याची बाजू मला आकड्यांत मांडता येत नाही. ती मांडून दाखवणारं कुणी भेटलं तर माझं मत बदलू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तेव्हा नाव विचारू नका. किती शेअर, ट्रिगर कुठे, लिमिट कुठे, हे तीन आकडे घेऊन या. भाव मात्र ९:०८ नंतरचा धरा.