कुमानोची पायवाट आणि राखलेली झाडे

जपानच्या किई द्वीपकल्पातील कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गांपैकी नाकाहेची नावाची डोंगरवाट आम्ही निवडली होती. ताकिजिरी-ओजीच्या देवळापासून कुमानो होंगू ताइशा या मुख्य देवस्थानापर्यंत ती साधारण ३८ किलोमीटर जाते. ओजी म्हणजे वाटेवरची उपदेवस्थाने. परंपरेने त्यांची संख्या नव्व्याण्णव सांगितली जात असली तरी आज अनेक ठिकाणी केवळ एखादा कोरीव दगड आणि यात्रेकरूंसाठी शिक्का ठेवलेली लाकडी पेटी एवढेच दिसते. पूर्वी क्योतोहून निघालेले यात्रेकरू ताकिजिरीला नदीत स्नान करून मगच पुढच्या डोंगरात, म्हणजे देवांच्या प्रदेशात, शिरत असत. पदत्याग केलेले सम्राटही त्यात होते. गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा येथे आला, आणि ११ व्या ते १३ व्या शतकांत राजघराण्याच्या या यात्रांमुळे वाटेचे महत्त्व वाढत गेले. त्या काळीही वाटाड्याशिवाय कोणी येत नसे. सेंदात्सु म्हणून ओळखले जाणारे तपस्वी यात्रेकरूंना डोंगरातून नेत, आणि कुमानोत पोहोचल्यावर मुक्कामाची व पूजेची व्यवस्था तेथील ओशी पाहत. आपल्याकडच्या क्षेत्रोपाध्यांचेच ते काम म्हणायचे.

आमचे वाटाडे तनाबे शहरात राहणारे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या देवळासमोर आम्हाला दोनदा वाकणे, दोनदा टाळी वाजवणे आणि शेवटी पुन्हा एकदा वाकणे हा नमस्काराचा क्रम शिकवला, परंतु त्यांचे खरे लक्ष झाडांकडे होते. ताकिजिरीच्या वरची चढण मुळांच्या जाळ्यातून जाते आणि श्वास कोंडणारी आहे, त्यामुळे त्यांच्या थांबण्याचे आम्हाला दर वेळी बरेच वाटे. वर पोहोचल्यावर दोन्ही बाजूंना सरळ वाढलेल्या सुगी वृक्षांच्या रांगा लागल्या आणि मी सहज म्हणाले, की किती प्राचीन अरण्य आहे हे! त्यावर ते हसले. ‘ही झाडे माझ्याहून धाकटी आहेत, लहानपणी यांची रोपे मी वडिलांबरोबर पाठीवर वाहिली आहेत,’ असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीच्या लाकडासाठी जपानभर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची प्रचंड लागवड झाली. पुढे परदेशी लाकूड स्वस्त झाले आणि अनेक डोंगर तोडणीविना तसेच राहिले. या वाटेवरचा बराचसा गर्द अंधार त्याच लागवडीचा आहे. त्यात जमिनीवर फारसे काही उगवत नाही आणि पाखरांचा आवाजही कमीच.

ताकाहारा गावातले कुमानो देवस्थान आले तेव्हा फरक डोळ्यांना कळला. देऊळ लहानसे आहे, पण भोवती कापराचे अवाढव्य वृक्ष आहेत, आणि त्यांच्या सालीवर नेचे, शेवाळे व वेली यांची दाटी आहे. देवळाभोवती राखलेल्या अशा रानाला जपानीत चिंजु नो मोरी म्हणतात. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ताकाहारासारखी राने टिकणे मात्र आपोआप घडले नाही. १९०६ साली मेजी सरकारने एका गावात एकच देऊळ ठेवून बाकीची त्यात विलीन करण्याचे धोरण आणले, आणि त्याचा जबर फटका वाकायामा व मिए या प्रांतांना बसला. देव हलवला की त्याचे रान मोकळे होई आणि लाकूड विकले जाई.

त्सुगिझाकुरा-ओजीपाशी वाटाड्यांनी आम्हाला बराच वेळ बसवले. तेथे सुगीचे काही महावृक्ष आहेत. त्यांच्या फांद्या फक्त दक्षिणेला, नाचीच्या धबधब्याच्या दिशेने वाढल्या आहेत, असे भाविक मानतात. वाटाड्यांच्या मते उतारावर ऊन त्या बाजूने येते, एवढेच. पण दोन्ही कारणे त्यांना सारख्याच आवडीची दिसली. ही झाडेही तोडली जाणार होती. ती वाचवण्यासाठी झगडणारा मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) हा तनाबेत राहणारा विक्षिप्त विद्वान होता. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास करून तो परतला होता आणि स्लाइम मोल्ड या सूक्ष्म जीवांच्या शोधात याच रानांत हिंडत असे. त्याने पत्रे लिहिली, वृत्तपत्रांत लेख लिहिले, आणि १९१० साली विलीनीकरणाच्या बाजूच्या अधिकाऱ्याला भेटण्यासाठी एका सभेत घुसून तुरुंगवासही भोगला. रान गेले की त्यातले जीव, गावाचा एकोपा आणि देवावरची श्रद्धा ही सगळी एकदमच जातात, असे त्याचे म्हणणे होते. त्सुगिझाकुरातली काही झाडे तरीही पडलीच. जी उभी आहेत ती त्याच्यामुळे. पुढे १९२९ मध्ये सम्राट हिरोहितो या भागात आले, तेव्हा त्याने आपले नमुने त्यांना कॅरॅमलच्या गोळ्यांच्या खोक्यांत भरून दिले. हे सांगताना वाटाड्यांचा चेहरा इतका खुलला, की मला ती हकीकत देवळांच्या कथांपेक्षाही जवळची वाटली.

होश्शिनमोन-ओजीपासून होंगूच्या पवित्र क्षेत्राची हद्द लागते आणि वाट उताराला लागून चहाच्या मळ्यांमधून जाते. त्यापुढचे फुशिओगामी-ओजी हे खाली होंगूचे पहिले दर्शन होते ते ठिकाण. वेळापूरजवळ वारकरी कळसाच्या ओढीने धावा करतात, तर येथे यात्रेकरू जमिनीला मस्तक टेकवीत. इझुमी शिकिबू ही कवयित्री येथवर आली असता तिला मासिक पाळी आली आणि देवदर्शनाला मुकावे लागेल म्हणून तिने खेदाची कविता केली, तेव्हा देवाने स्वप्नात येऊन अशौचाची फिकीर करू नकोस असे सांगितले, अशी कथा आहे. कुमानोचा देव स्त्रिया, रोगी, गरीब यांपैकी कोणालाच परतवत नसे, असा त्याचा लौकिक होता. मी त्या जागी थोडी रेंगाळले, हे वेगळे सांगायला नको.

होंगूचे आजचे देऊळ टेकडीवर आहे आणि त्याची हिनोकीच्या सालीची छपरे देखणी आहेत, परंतु मूळ स्थान खाली नदीकाठी ओयुनोहारा येथे होते. १८८९ च्या महापुराने तिथली बरीच देवळे वाहून गेली. उरलेल्या वास्तू १८९१ मध्ये वर हलवण्यात आल्या, आणि ज्यांच्या वास्तू गेल्या त्या देवांसाठी खाली दगडी देवळ्या उभ्या केल्या. वरच्या डोंगरांवरील बेसुमार तोडीमुळे जमिनीत पाणी मुरेनासे झाले होते, म्हणून पूर एवढा भयंकर ठरला, असे देवस्थानाकडूनही सांगितले जाते. ओयुनोहाराच्या तोंडाशी आता पोलादाची ३३.९ मीटर उंच तोरी कमान आहे. ती २००० साली उभारली. मला ती जरा जास्तच वाटली. वाटाड्यांनी तिच्याकडे पाहून रीतीप्रमाणे मान लववली आणि नदीकाठच्या चेरीच्या झाडांमधून आम्हाला थेट दगडी देवळ्यांपाशी नेले.