पहिल्या सेकंदाचा दम

बाबांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ह्यांनी मला जबरदस्तीनं एक्सपायर केलंय," ते म्हणाले.

चूक त्यांची नव्हती. आमच्या डिचोलीत काय नि पणजीत काय, गेलेल्या माणसाला आता सगळे 'एक्सपायर झाले' म्हणतात. वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली हे शब्द पेपरातल्या निधनवार्तांपुरते उरले. मग वरती आपलं नाव, त्याखाली वय ७६ आणि त्याच्याही खाली 'फोर्स्ड एक्स्पायरेटरी व्हॉल्यूम' असं छापलेला कागद एका निवृत्त मराठी मास्तरानं वाचायचा तरी कसा?

खरं तर ती स्पायरोमेट्री होती, फुंकून फुप्फुसांचा दम मोजायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर एक किडकिडीत मुलगी केवढ्यानं तरी ओरडत होती, "फुंकात! आनीक मातशें, आनीक मातशें!" हुतूतूच्या मैदानातही एवढा आरडाओरडा मी ऐकलेला नाही. छाती भरून श्वास घ्यायचा, एकदम जोरात सोडायचा आणि आत काही उरलं नाही असं वाटलं तरी पाच-सहा सेकंद सोडतच राहायचं. असं तीनदा. निरोगी माणसाच्या फुंकीतली साधारण ७० ते ८० टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. श्वासनलिका आकसल्या असतील तर तीच हवा रेंगाळत येते. रिपोर्टातली एफईव्ही वन ती हीच, पहिल्या सेकंदातली हवा. बाबांची रेंगाळत होती.

त्यांना जास्त लागलं ते हे. उभं आयुष्य भजनात गेलेलं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात (नाव सप्ताह, भजन अखंड चोवीस तास) तरुणपणी त्यांनी रात्र रात्र काढलेली. गाणाऱ्याचा मोठेपणा आपण त्याच्या दमसासावर मोजतो. गंमत अशी, की दमसास हा शब्दच दोनदा श्वास घेतो. 'दम' फारसीतला, अर्थ श्वास. 'सास' आपल्या संस्कृत श्वासाचं घरगुती रूप. दोन घरचे दोन श्वास शेजारी बसले आणि गवय्याची दौलत झाली. त्यातला एकटा दम काना घेऊन आला, की दमा होतो. बाकी दम लागतो, दम धरावा लागतो, पोरांना दम भरावा लागतो. मास्तरांनी हा शेवटचा प्रकार पस्तीस वर्षं केला, तेव्हा त्यांची एफईव्ही वन कोणी मोजली असती तर यंत्रच धापा टाकत बसलं असतं.

डॉक्टरांचे शब्द लांबून भारी वाटतात, जवळ गेलं की तेही आपल्यासारखेच घरगुती निघतात. ट्रॅकिया, म्हणजे आपली मुख्य श्वासनळी, ग्रीकमध्ये नुसतं 'खडबडीत', कारण त्या नळीवर कूर्चेची कडी आहेत. स्टेथोस्कोप म्हणजे 'छाती बघायचं', ऐकायच्या वस्तूला हे नाव! ती काढली फ्रान्सच्या लाएनेकनं, १८१६ मध्ये, कागदाची सुरळी करून. छातीत ऐकू येणाऱ्या आवाजांना नावंही त्यानंच दिली. एका आवाजाचं वर्णन त्यानं तापल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठासारखा असं केलंय. आमच्या आईनं फोडणीची मोहरी म्हटलं असतं. फ्रेंचमध्ये या आवाजांना 'राल' म्हणतात, पण मरणाऱ्या माणसाच्या घशातल्या घरघरीलाही तोच शब्द. रोग्यानं ऐकलं तर तो धसका घेणार. म्हणून लाएनेक रोग्याच्या उशाशी 'राँकस' हा लॅटिन शब्द वापरायचा. त्याचा मूळ अर्थ काय, तर घोरणं.

म्हणजे लॅटिन आलं ते रोग्यानं घाबरू नये म्हणून. दोनशे वर्षांनी डिचोलीत एक मास्तर नेमका लॅटिननंच घाबरला.

मी समजावलं. एक्स म्हणजे बाहेर, स्पिरारे म्हणजे श्वास घेणं. श्वास बाहेर सोडणं, एवढंच. शेवटचा श्वास सोडतो तेव्हा माणूस एक्सपायर होतो, पण त्याआधीचे सगळे श्वासही तसेच सोडलेले असतात. आपणही 'प्राण सोडला' म्हणतोच की. बाबा ऐकत होते, पण वर्गात मागच्या बाकावरचं पोर ऐकतं तसे.

मग एकदम म्हणाले, "रेस्पिरी फुंदु."

मला कळेना. लहानपणी त्यांना खोकला झाला की आजोबा दोतोराकडे न्यायचे. पणजीच्या एस्कोला मेदिकात शिकलेला जुना माणूस. ती शाळा १८४२ ची, आजच्या आपल्या बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, आजी. तो पाठीवर गार नळी टेकवायचा आणि म्हणायचा, रेस्पिरी फुंदु, खोल श्वास घे. पोर्तुगीज गेले तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते. त्या भाषेतले त्यांच्याकडे उरलेले शब्द एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यांतले दोन हे.

"म्हणजे ह्या स्पिरारेचाच तो?"

"तोच."

"मग लिहायचं तसं!" असं म्हणून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा गेलो. पाऊस थांबला नव्हता, भिंतींची बुरशीही तशीच होती, पण इनहेलरनं बाबांना रात्री झोप लागू लागली होती. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. छापील इंग्रजीवर एक बारीक रेघ, आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: पहिल्या सेकंदाचा दम. बाजूला आकडा, त्याखाली 'सुधारणेस वाव आहे', आणि सही.

"हे कोणी तपासलं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी नळीसाठी तोंड उघडलं होतं. त्यांनी नुसती मान ताठ केली.